कार्डावरचा उपास

बोगद्यात अडकलेल्या मेट्रोच्या महिला डब्यात यमुनाबाईंना दरदरून घाम फुटला. त्यांची शुगर एकदम खाली गेली होती. शेजारच्या बाईनं घाईनं खाऊच्या मशीनला कार्ड लावलं.

"आज आपली हरतालिका. उद्या सकाळपर्यंत काही मिळणार नाही," मशीन म्हणालं.

"अगं बाई, माझंही कार्ड बंदच!" दुसरी ओरडली. पहाटेच जवळजवळ सगळ्याजणींनी कार्डावर व्रत नोंदवलं होतं, आणि एकदा नोंदवलेलं व्रत मशीन मोडू देत नसे.

यमुनाबाईंची सून केतकी पर्स घट्ट धरून उभी होती. "नोंदवलं हं, आई," असं ती दरवर्षी सांगायची. नोंदवलं मात्र कधीच नव्हतं.

"अहो, तुमचं कार्ड लावा की!" शेजारची बाई केतकीला म्हणाली.

"तिचाही कडक उपास आहे," यमुनाबाई पुटपुटल्या. त्यांचे डोळे मिटू लागले.

केतकीनं कार्ड लावलं. रसाची बाटली धाडकन खाली आली. सगळ्या बायकांच्या माना केतकीकडे वळल्या.

"आई, पाप लागलं तर मला लागू दे. तुम्ही प्या."

त्या प्यायल्या. हळूहळू तरतरी आली, तशी त्यांनी सुनेकडे रोखून पाहिलं आणि उरलेला रस तिच्यापुढे धरला.

"घे. सकाळपासून माझ्या धाकानं उपाशीच असशील."