नावाडी नसलेली नदी

“तेथे नाव नाही, नावाडी नाही. तळ नाही, उतार नाही. गाईचे पुच्छ धरील तोच पैलतीरी जाईल.”

शामकलानं ही ओळ चौथ्यांदा वाचली, पुस्तक पालथं घातलं आणि अंगणात पाहिलं. अंगणात गाय उभी होती.

गाय घनश्याम गवळ्याची. आज मायचा दहावा. थोड्या वेळानं तळ्याच्या काठावर ही गाय क्रियाकर्म करणाऱ्या ईश्वरदास महाराजांना दान व्हायची होती आणि बदल्यात बापाचा डोंगा, त्याची लाकडी होडी, घनश्यामकडे जायचा होता. बाप म्हणजे जागेश्वर ढिवर. नवेगाव बांधच्या तळ्यात मासे धरायचे, शिंगाडे काढायचे, त्यावर घर चालायचं. आणि हे सगळं चालायचं त्या एका डोंग्यावर. डोंगा गेला की उद्यापासून दुसऱ्याच्या डोंग्यात मजुरी. जागेश्वरला हे कळत नव्हतं असं नाही. पण आपली बायको गीताबाई त्या वैतरणी नदीच्या काठावर खोळंबून उभी आहे, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

आणि ते चित्र त्याला शामकलानंच दाखवलं होतं.

त्या काळी ढिवराच्या पोरीनं शाळेत जाणं हीच गावात मोठी बातमी होती. त्यात ही पोरगी पुस्तकवेडी. शाळेच्या कपाटातली ती यमलोकाची कादंबरी, ज्यात एक राजपुत्र मेलेल्या राणीला शोधत यमपुरीपर्यंत जातो, बाकीची पोरं गंमत म्हणून वाचत. शामकला मायपर्यंतची वाट विचारायला वाचत होती. माय गेल्यापासून रोज ती मोठ्यानं वाचायची आणि बाप जाळं विणता विणता ऐकायचा. वैतरणीचं प्रकरण आलं तसे त्याचे हात थांबले. दुसऱ्या दिवशी तो महाराजांना विचारून आला. महाराज म्हणाले, पोथीतही असंच आहे; गाय दान केली की तिचं पुच्छ धरून मेलेलं माणूस पार जातं.

शामकलाला स्वतःचा भारी राग आला होता. आपल्याला वाचता आलं नसतं, तर डोंगा तरी वाचला असता.

काठावर सगळे जमले. महाराजांनी दर्भ मांडले, पाणी हातात घेतलं आणि गाईला पुढे आणायला सांगितलं. गाय काही पुढे येईना. समोर पाणी पाहिलं आणि तिनं चारही पाय रोवले. घनश्यामनं दावं ओढलं, दोघांनी मागून रेटलं. गाय डोळे पांढरे करून हंबरत राहिली. घोटाभर पाण्याला ती भीत होती.

शामकला खदखदून हसली. मायच्या दहाव्याला पोर हसते म्हणून बायांनी तोंडाला पदर लावला.

“काऊन हासून राहिली, शामे?” जागेश्वरचा आवाज चढला.

“बाबा, हे गाय मायले पार नेईन, का मायले हिले न्या लागन?”

शामकला महाराजांकडे वळली. 

“महाराज, मागच्या पोळ्याले तुमची कपिला गाळात फसली होती. कोनं काढली?”

“तुझ्या मायनं,” महाराज म्हणाले. माणूस खोटं बोलणारा नव्हता.

“पोहत गेली, शिंगं धरली आन काठाले आनून सोडली. मंग तिले गाईचं शेपूट कायले लागते? ढिवरीन हाय ना ते!”

महाराजांच्या ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळून गेलं. ते तळ्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, “पोथीत ढिवरांचं काही लिहिलेलंच नाही, हे खरं आहे.”

“मंग मी लिवतो,” शामकला म्हणाली.

आधी हसला तो जागेश्वर. दहा दिवसांत पहिल्यांदा हसला, आणि हसता हसता ढसाढसा रडला. मग डोळे पुसून तो उठला, घनश्यामला त्यानं गाय परत घेऊन जायला सांगितलं आणि खुंट्याला बांधलेला डोंगा सोडला. मायच्या नावाचं पिंडाचं पान त्यानं डोंग्यात ठेवलं. महाराज काठावरून मंत्र म्हणू लागले. शामकला पुढच्या टोकाला बसली. नेहमी माय बसायची तिथं. गाळाचं पाणी मागं पडलं, शिंगाड्याचे वेल मागं पडले आणि डोंगा मधल्या खोल पाण्यावर आला. तिथं दोघांनी मिळून पान सोडलं. तिला अजिबात भीती वाटली नाही.

घरी आल्यावर तिनं ती कादंबरी उघडली. पुस्तक शाळेचं होतं, त्यात लिहिलं तर गुरुजी छडी मारणार हे तिला माहीत होतं. तिनं शिसपेन्सिलीला टोक काढलं. “तेथे नाव नाही, नावाडी नाही” या छापील ओळीखाली तिनं आपल्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहिलं:

“आता आहे. गीताबाई जागेश्वर ढिवर, मुक्काम नवेगाव बांध. भिऊ नये, हाक मारावी.”