सांगितलेलं वय

"वय?" डॉक्टर सिंधूताईंनी शामलाला विचारलं.

"तीस," रुपराव म्हणाला. तिनं तोंड उघडायच्या आतच.

सिंधूताईंना असल्या नवऱ्यांचा भारी राग. महाल भागातल्या दवाखान्यात वीस वर्षं त्या हेच बघत आल्या होत्या. दुखणं बाईचं आणि बोलणार नवरा! "तुम्ही बाहेर बसा," त्या म्हणाल्या. रुपराव मुकाट्यानं उठला.

जोडपं उमरेडचं, सकाळच्या एस.टी.नं आलेलं. सदुसष्टच्या उन्हाळ्यात लग्न झालं, त्याला आता सहा वर्षं होऊन गेली होती. मूल नव्हतं. सासूनं रुपरावासाठी दुसरी मुलगी बघायला घेतली होती.

तपासून झालं. सिंधूताईंनी हात धुतले आणि सरळच विचारलं, "खरं वय किती?"

शामला दाराकडे बघत राहिली. मग तिला रडूच फुटलं.

"एकोणचाळीस. माय गेली तवा मागं चार भावंडं होती. त्यायचं करता करता माहं लग्न राहून गेलं. मंग बापानं नऊ वर्सं कमी सांगितली. मी अंगानं बारीक, खपून गेलं. बाई, यायले सांगू नोका जी. लय विश्वास हाये माह्यावर."

"नाही सांगणार. पण तू ऐक."

सिंधूताईंनी खुर्ची जवळ ओढली. बाईच्या पोटात बीजं जन्मापासूनच असतात, नवी तयार होत नाहीत. पस्तिशीनंतर ती झपाट्यानं कमी होतात, उरलेली थकलेली असतात. चाळिशीला आल्यावर दिवस राहणं फार अवघड. याला औषध नाही. हे सगळं त्यांनी सावकाश, दोनदा सांगितलं.

"यात तुझं पाप नाही आणि कुणाची नजरही नाही. शरीराचा स्वभावच आहे हा."

"अन् लग्न झालं तवाच आली असती तं?"

सिंधूताईंना खोटं बोलवेना. "तेव्हा बरीच आशा होती."

"मीच टाळलं," शामला पदरानं डोळे पुसत म्हणाली. "इथं आली असती तं वय उघडं पडलं असतं. यायनंही कधी दवाखान्याचं नाव काढलं नाही. मी म्हणो, सुटली मी."

रक्त तपासणीसाठी तिला पलीकडच्या खोलीत पाठवून सिंधूताईंनी रुपरावाला आत बोलावलं. शब्द दिला होता, तो पाळायचा होता. पण जीव जळत होता, राग कुठंतरी निघणारच होता. आशा फार थोडी आहे, एवढं सांगून त्या कडाडल्या, "सहा वर्षं झोपला होतात का? आधी का नाही आणलंत हिला?"

रुपरावानं टोपी काढून तिची घडी घातली.

"डॉक्टर वय विचारते न, बाई," तो हळूच म्हणाला. "तिले पुन्हा माह्यासमोर खोटं बोला लागलं असतं."