नायिकेची आई

“मेली! हीसुद्धा मेली!” आईने मी नवीन विकत आणलेली कादंबरी सोफ्यावर आपटली. आई नर्स आहे. ड्यूटीवरून आली की पाय वर घेऊन माझी पुस्तकं वाचते आणि चिडते. “पान नऊ, आणि नायिकेची आई तापाने गेली. साधा ताप गं! गावात उडत्या गाड्या आहेत, आणि घरात तापाची एक गोळी नाही?”

“अगं, जुलमी राजवट आहे ती.”

“आणि मागच्या पुस्तकातली? तिला शेजारचा मुलगा लांडगा होऊन खाऊन गेला. वर नायिका त्याच्याच प्रेमात! या तुझ्या लेखकांना आयांचं एवढं वावडं का गं?”

मला ते पटलं. मी स्वतःच कादंबरी लिहायला घेतली, आईला जिवंत ठेवून.

आठवड्याने आईने विचारलं, “कुठवर आली?”

“संपली. दुसऱ्याच पानावर!” मी रडकुंडीला आले होते. “हुकूमशहाचे सैनिक नायिकेला पकडायला आले. तिच्या आईने, म्हणजे हुबेहूब तूच ती, त्यांना बूट बाहेर काढायला लावले, हात धुवायला पाठवलं आणि थेट हुकूमशहाच्या आईला फोन लावला. संध्याकाळी तो स्वतः येऊन सॉरी म्हणून गेला. आता उरलेली तीनशे पानं मी कशाने भरू? आई, प्लीज, मर ना!”

आईने चष्मा काढून पुसला.

“बरं, मरते. पण तापाने नाही हं!”