कोण ओरडतं ते बघू

कंपनीचे सगळे जुने सर्व्हर क्लाउडवर हलवायचे होते. त्यातला एक कुठल्या विभागाचा, तेच कुणाला सांगता येईना. म्हणून शलाकाने सकाळी नेहमीचा उपाय केला: सर्व्हर बंद करून ठेवायचा आणि कोण ओरडतं ते बघायचं.

दुपारपर्यंत एकही तक्रार आली नाही.

"मेलेलाच होता तो," शेजारच्या टेबलावरून मकरंद म्हणाला. "पुसून टाकू कायमचा? एक डोकेदुखी कमी."

"थांब जरा, लेकीची चौकशी करते." तिने पाळणाघरात फोन लावला.

"अगं, काय शहाणी झालीय जुई आज!" कुंदाताई कौतुकाने म्हणाल्या. "सगळीच पोरं गुणी झालीत. हूं नाही की चूं नाही. कधी नव्हे तो निवांत चहा प्यायले बघ."

शलाका हसली, आणि हसता हसता मधेच थांबली. जुई जन्मली त्या वर्षीची सगळीच बाळं मुकी जन्मली होती. त्यांच्या गळ्यातल्या चकतीला आवाज यायचा तो कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवरून. कुठल्या, ते तिने कधी विचारलंच नव्हतं.

"ताई, तिच्याजवळ जा. तोंड बघा तिचं."

पावलं वाजली. "अगं बाई, तोंड उघडंच आहे गं! लालबुंद झालीय. दुपटं भिजलंय सगळं!"

"मकरंद, चालू कर! आत्ता!"

सर्व्हर सुरू व्हायला वेळ लागत होता. फोनवर कुंदाताई नुसत्या "नाही गं बाळा, नाही गं" म्हणत होत्या. मग सगळं पाळणाघर एकदम रडू लागलं.

त्या कल्लोळात शलाकाने जुईचा आवाज ओळखला. ते आत्ता सुरू झालेलं रडणं नव्हतं.