दोन फेऱ्यांचा टाका

फाट्! कार्बोरेटरमधून आगीची जीभ बाहेर आली, भसकन काळा धूर निघाला आणि इंजिन पुन्हा गप्प झालं.

फाटकासमोर ट्रक आडवा लावून उभ्या असलेल्या भंगारवाल्यानं घड्याळ पाहिलं. अंगणात खुर्ची टाकून बसलेल्या नवऱ्यानं चहाचा घोट घेतला आणि शेजारच्या गॅरेजवाल्या मिस्त्रीला डोळा मारला. बोली साधी होती. पाच वाजेपर्यंत इंजिन सुरू झालं तर गाडी बायकोची, नाही झालं तर ट्रकमध्ये. साडेचार वाजून गेले होते.

एका रांगेत सहा सिलिंडरांचं ते जुनं इंजिन खोललं होतं नवऱ्यानंच. एकोणीस वर्षांपूर्वी, मोठ्या थाटात, अख्खी गल्ली जमवून. जोडायचं मात्र त्याचं कायम ‘उद्या’ होतं, आणि तो उद्या काही उजाडला नाही. सगळे भाग बिस्किटांच्या डब्यांत पडून राहिले. तिनं चाळीस वर्षं शाळांचे गणवेश शिवले, दुकान बंद केलं आणि दुसऱ्याच दिवशी पहिला डबा उघडला. इंजिनाला हात लावायची आयुष्यातली पहिलीच वेळ. चौदा महिने खपली. रिंगा बसवल्या, बेअरिंगं मोजून पाहिली, एकेक बोल्ट पुस्तकात सांगितलाय तेवढाच आवळला. ब्रेकही नीट केले. गाडी चालवायचं लायसन्स तर तिनं कुणाला न सांगताच काढून ठेवलं होतं. एकदा या गाडीतून, स्वतः चालवत, फाटकाबाहेर पडायचं होतं तिला. आणि आता ते मेलं इंजिन तिच्या तोंडावर खोकत होतं.

“अगं, सोड आता,” नवरा म्हणाला. “हे काय तुझं शिलाई मशीन आहे? पाय मारला की चालू?”

“पहिल्यांदा जोडणारे सगळे इथंच फसतात,” मिस्त्री कुजबुजला.

“सांगू नकोस हं तिला!”

मिस्त्रीला जरा कमी ऐकू यायचं, त्यामुळे दोघांची ही कुजबुज पार फाटकापर्यंत पोचली. ती पाना हातात घेऊन वळली. मिस्त्रीनं लगेच कपात डोकं घातलं.

“वहिनी, मी कुठं काय...”

“नकाच सांगू, भावजी. तुम्ही सांगितलंत तर जन्मभर ऐकावं लागेल, मिस्त्रीनं चालू करून दिलं म्हणून.”

राग आला होता, आणि रडूही येत होतं. पण या दोघांसमोर रडायचं? हॅट्! तिनं हात पुसले आणि मनातल्या मनात पहिल्यापासून उजळणी सुरू केली. एक नंबरचा पिस्टन वर आणला. खुणेला खूण जुळवली. ठिणगी तिथंच पडेल अशी वायर लावली. सुई वर, सुई खाली, टाका पडला. चाकाची एक फेरी, एक टाका.

ती थबकली. ही फेरी तर तिनं मशीनची धरली होती. पुस्तकात काय होतं? आत ओढायचं, दाबायचं, पेटवायचं, बाहेर टाकायचं. म्हणजे पिस्टन दोनदा वर येणार आणि ठिणगी पडणार एकदाच. हे बेटं दोन फेऱ्यांना एक टाका घालत होतं!

“अगं बाई!” ती मोठ्यानं म्हणाली. “ओ ट्रकवाले, नुसते उभेच आहात ना? इकडे या. हे हँडल फिरवा. सावकाश!”

भंगारवाल्यानं नवऱ्याकडे पाहिलं. पण मापं घेताना चाळीस वर्षं पोरांना सरळ उभं करणारा आवाज होता तो. आला मुकाट्यानं.

तिनं एक नंबरचा प्लग काढला आणि भोकावर अंगठा ठेवला. हँडल फिरलं, पिस्टन वर आला, खुणेला खूण जुळली. अंगठ्याला काहीच लागलं नाही.

“अजून एक फेरी.”

या वेळी खालून हवा दाटत आली. तिनं जोर लावून दाबून धरलं, तरी हवेनं फस्सकन अंगठा उडवून लावला. खूण पुन्हा जुळलेलीच होती. ठिणगी हवी होती ती इथं, हवा दाटते त्या फेरीला; तिनं लावली होती रिकाम्या फेरीला.

मिस्त्री खुर्चीतून उठला.

“तू कशाला उठलास?” नवऱ्यानं विचारलं. मिस्त्रीची नजर तिच्या अंगठ्यावर होती.

प्लग जागेवर गेला. तिनं सहाही वायरींची अदलाबदल केली. एकची सहाला, पाचची दोनला, तीनची चारला. मग गाडीत बसली. बॅटरी दुपारपासून दमत आली होती, आता एकदाच काय ती साथ देणार. तिनं सेल्फ मारला. तो कण्हला, अडखळला, आता बसतोय की काय असं वाटलं, आणि एकदम सहाही सिलिंडर बोलू लागले. लांब सरळ शिवणीवर मशीन चालतं तसं, एकसारखं. भंगारवाला दोन पावलं मागे सरला.

“वहिनी, मानलं!” मिस्त्री ओरडला.

नवरा कप हातात धरून गाडीजवळ आला. “चालू झालं की गं,” तो पुटपुटला.

“झालं.” तिनं हॉर्न दाबला. तोही वाजला. “अहो, तो ट्रक आधी फाटकासमोरून काढायला सांगा. मला बाहेर पडायचंय.”

भंगारवाला ट्रकमध्ये चढला. मग नवऱ्यानं कप पायरीवर ठेवला, फाटकातून बाहेर गेला आणि ट्रकच्या मागे उभं राहून हात हलवू लागला.

“येऊ दे... येऊ दे... अजून येऊ दे. तिला गाडी काढायचीय!”