आकड्याची शेपटी

"स्थापना अठराशे नव्वद टाका, पेंटरकाका," मोबाइलवाला म्हणाला.

पेंटरने ब्रश डब्यात आपटला. "अरे, इथे रूळच पडले एकोणीसशे पाचला! तुझ्या पणजोबांनी दुकान कुणासाठी उघडलं होतं, कोल्ह्यांसाठी?"

सकाळपासून त्याला शिसारी आली होती. स्टेशनसमोरची ही पेठ 'ऐतिहासिक' म्हणून जाहीर होणार, सगळ्यांत जुन्या दुकानाला मान मिळणार, एवढं वारसा समितीच्या बाई बोलून गेल्या आणि दोन दिवसांत अख्खी पेठ म्हातारी झाली. केमिस्टला पणजोबा फुटले, सायकलवाल्याला खापरपणजोबा. शी! माणसं आहेत की काय!

शेवटी त्याने भर रस्त्यात बाईंसमोर हात जोडले. "खोटा आकडा मी काढणार नाही. माझ्या आबांनी जन्मात काढला नाही. ती बघा त्यांच्या हातची पाटी."

कापडवाल्याच्या दारावर निळ्या फळीवर पिवळी अक्षरं होती. स्थापना १९०६. आबा शेवटच्या आकड्याची शेपटी लांब ओढत आणि टोकाला एक टिंब देत. ते टिंब म्हणजे त्यांची सही.

"मग मान ह्या कापडवाल्यांनाच," बाई म्हणाल्या. "तेवढी पाटी साफ करून द्या."

मोबाइलवाल्याचं तोंड एवढंसं झालं. पेंटर छाती पुढे काढून शिडीवर चढला. शेवटच्या दोन आकड्यांचा रंग पोपडे धरून सुटत होता. त्याने काचपेपर हलकेच फिरवला. सहा गेला. शून्य गेलं. खालच्या थरातून ३१ उघडे पडले. म्हणजे १९३१. शेवटच्या १ ला तीच लांब शेपटी. टोकाला तेच टिंब.

त्याचा काचपेपर थांबला. आबा, हे काय करून ठेवलंत?

"काका, काय झालं?" बाईंनी खालून विचारलं. केमिस्ट, सायकलवाला, मोबाइलवाला, सगळे माना वर करून बघत होते. सकाळपासून ज्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटत होतं, तेच सगळे.

पेंटरने अंग आडवं घालून आकडा झाकला.

"काही नाही. धूळ बसली होती."

त्याने ३१ वर निळ्या रंगाचा हात मारला. तो सुकेपर्यंत शिडीवरून हलला नाही. मग पिवळा रंग घेतला. आधी शून्य, मग सहा. शेपटी लांब ओढली. टोकाला टिंब दिलं.

हुबेहूब आबांसारखं आलं.