समुद्रकाठचा कोट

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात किन्हीराजाजवळच्या नाल्यावर तलावाचं काम निघालं होतं. सकाळपासून टोपल्यांनी माती वाहून भागिरथा या मजूरणीची मान भरून यायची. शाळेला सुट्टी असल्यानं गावचे देवमन गुरुजी दुपारी कामावर येत आणि बाभळीखाली बसून मजुरांना दूरदेशीच्या गोष्टी सांगत. तेवढाच तिला विसावा.

त्या दिवशी गुरुजींनी दक्षिण चीनमधल्या समुद्रकाठच्या एका गावाची गोष्ट काढली. दर्यावरच्या लुटारूंच्या भीतीनं तिथल्या लोकांनी गावाभोवती दगडी कोट बांधला. पिढ्यान् पिढ्या लुटारू येत राहिले, पण कोट काही हलला नाही. शेवटी गावकऱ्यांच्याच बादशहानं हुकूम काढला, "किनाऱ्यावरून लुटारूंना दाणागोटा मिळतो, तेव्हा किनाऱ्यावरची सारी गावं खाली करा." लोक चुलीतला विस्तवही न विझवता निघाले.

"मंग गुरुजी, वापस आले का ते लोकं?" भागिरथानं विचारलं.

"आले ना बाई. लय वर्सानं हुकूम उठला. घरं पडली होती, पन कोट उभा होता. त्यायनं पुन्हा घरं बांधली."

"नशिबाचे म्हना," भागिरथा म्हणाली. गुडघ्यावर हात टेकत ती उठली, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि पुन्हा माती वाहायला लागली.



ती जिच्यावर माती टाकत होती, ती बांधाची भिंत पुरी होऊन तलाव भरला, की तिचं गाव पाण्याखाली जाणार होतं.